म्हादईचे आणि तिळारीचे पाणी मोजतो कोण? गोवा विधानसभेच्या चाळीस सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

कर्नाटक म्हादई नदीचे पाणी मलप्रभेकडे वळवू पाहते. हा विषय निघाला की सभागृह तापते, आणि दुसऱ्या दिवशी ‘एक थेंबही देणार नाही’ हे वाक्य पहिल्या पानावर येते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी आठ वाजता, कर्नाटकातून सत्तरीत उतरणाऱ्या एखाद्या नाल्यातून सेकंदाला किती लिटर पाणी येत होते? गेल्या वर्षी त्याच दिवशी किती होते? हा आकडा हाती नसेल, तर जलविवादाचा निवाडा आपल्या बाजूने लागो की विरुद्ध, पाणी घटले हे सिद्ध करायला आपल्यापाशी काहीच उरत नाही.

आधी निवाड्याकडे पाहू, कारण त्यातले आकडे भाषणांत फार सैल वापरले जातात. गोव्याने २००२ साली आंतरराज्य नदी जलविवाद कायदा, १९५६ च्या कलम ३ खाली केंद्राकडे तक्रार केली. लवाद नेमला गेला १६ नोव्हेंबर २०१० रोजी आणि न्या. जे. एम. पांचाळ यांच्या अध्यक्षतेखालील या लवादाने निवाडा दिला १४ ऑगस्ट २०१८ रोजी. त्यात म्हादई खोऱ्याचा ७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा, म्हणजे वर्षभरात येणारे पाणी, १८८.०६ टीएमसी (अब्ज घनफूट) धरला आहे. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी मिळाले. त्यांपैकी ८.०२ वीजनिर्मितीसाठी, १.५ खोऱ्यातल्याच वापरासाठी आणि ३.९ मलप्रभेकडे वळवण्यासाठी: कळसा नाल्याचे १.७२ आणि भांडुरा नाल्याचे २.१८. महाराष्ट्राला १.३३, आणि गोव्याला चालू वापर सोडून २४ टीएमसी.

यातले ८.०२ ‘खर्ची न पडणारे’ मानले जाते, कारण टर्बाइनमधून गेलेले पाणी पुन्हा नदीत येते. खरे आहे. पण कोणत्या जागी आणि कोणत्या वेळी येते? वीज लागते संध्याकाळी. दिवसभर अडवून चार तासांत सोडलेले पाणी आणि चोवीस तास संथ वाहणारे पाणी वर्षाच्या बेरजेत सारखेच भरते, पण उपसा केंद्राच्या पंपाला ते सारखे नसते.

आता ३.९. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, मेट्रिकमध्ये २ कोटी ८३ लाख घनमीटर. ३.९ टीएमसी म्हणजे ११ कोटी घनमीटरांच्या आसपास. हे पाणी जून ते ऑक्टोबर या १५३ दिवसांत सारखे काढले तर सरासरी ८.३५ क्युमेक, म्हणजे सेकंदाला तितके घनमीटर, होतात. भर पावसात फुगलेल्या नदीला हे जाणवणारही नाही. तेच वर्षभर पसरले तर साडेतीन क्युमेक, म्हणजे दिवसाला ३० कोटी लिटर. आकडा दिसतो लहान, पण एप्रिलमध्ये घाटातून उतरणाऱ्या नाल्यात तेवढे पाणी असते तरी का? म्हणून ‘३.९ टीएमसी’ ऐकले की पुढचा प्रश्न हवा: कोणत्या महिन्यात, किती क्युमेकने आणि नाल्यात किमान किती पाणी शिल्लक ठेवून?

कर्नाटकाकडून नेहमी सांगितले जाते की हे एकूण पाण्याच्या दोनच टक्के आहे. १८८.०६ मधले ३.९ म्हणजे २.०७ टक्के, हिशेब चुकलेला नाही. फक्त भाजक भलताच घेतला आहे. १८८.०६ हा तिन्ही राज्यांतल्या २,०३२ चौरस किलोमीटर खोऱ्याचा येवा. त्यातले १,५८० चौरस किलोमीटर गोव्यातच आहेत. म्हणजे फोंड्यावर, धारबांदोड्यावर पडलेला पाऊसही त्यात मोजला आहे, आणि तो कर्नाटकातल्या कणकुंबीच्या नाल्यात कधीच जाणार नाही. वळवायचे पाणी ज्या नाल्यातून जाणार त्याच नाल्याच्या येव्याशी त्याची तुलना व्हायला हवी, तीही महिनावार. यासाठी त्या नाल्यावरची नोंद लागते. गांजेला केंद्रीय जल आयोगाचे मापन केंद्र आहे, पण ते फार खाली. तिथे आलेल्या पाण्यात कर्नाटकाचे किती आणि सत्तरीच्या डोंगरांचे किती, हे कळत नाही.

‘७५ टक्के विश्वासार्हता’ हे शब्दही फसवे. शंभर वर्षांपैकी पंचाहत्तर वर्षे किमान एवढे पाणी येईल, असा त्यांचा अर्थ. काढायची रीत सोपी आहे. ३९ वर्षांचे वार्षिक येवे असतील तर ते मोठ्याकडून लहानाकडे मांडायचे आणि वरून तिसावा आकडा घ्यायचा. पण उरलेल्या पंचवीस वर्षांचे काय? पाऊस रुसला त्या वर्षी कोणी किती सोसायचे?

इथे दुसऱ्या नद्यांचे निवाडे पाहण्यासारखे आहेत. नर्मदेच्या १९७९ च्या निवाड्याने मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्र यांचे वाटे ७३:३६:२:१ या प्रमाणात ठरवले, आणि तूट आली तर तीही त्याच प्रमाणात वाटायची असे लिहून ठेवले. कावेरीत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये तामिळनाडूला वर्षाचे १७७.२५ टीएमसी दिले. ते मोजायचे बिळिगुंडलूच्या मापन केंद्रावर, महिनावार तक्त्याप्रमाणे. जूनमध्ये ९.१९, जुलैत ३१.२४, ऑगस्टमध्ये ४५.९५, असे चढून मग उतरत फेब्रुवारी ते मे दरमहा २.५ टीएमसी. त्या तक्त्यावरही दर उन्हाळ्याला भांडण होते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण भांडायला जागा ठरलेली, महिना ठरलेला, आकडा ठरलेला. तामिळनाडूचा वकील ‘ऑगस्टमध्ये इतके कमी आले’ असे सांगू शकतो. आपल्या वकिलाला सांगता येईल असा तक्ता कुठे आहे?

म्हादईचा निवाडा २७ फेब्रुवारी २०२० रोजी राजपत्रात आला. १९५६ च्याच कायद्याच्या कलम ६(२) नुसार राजपत्रात आलेल्या निवाड्याला सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाचे बळ असते. दुसरीकडे कलम ५(३) खालची स्पष्टीकरणे लवादापुढे आहेत, राज्यांची अपिले सर्वोच्च न्यायालयात आहेत, डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने कळसा-भांडुराच्या सुधारित आराखड्याला मान्यता दिली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने निवाड्याच्या अंमलबजावणीसाठीच्या ‘प्रवाह’ प्राधिकरणाला. अभयारण्यातला प्रवाह वळवण्याविरुद्ध वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम २९ आहे, गोव्याने ते पुढे केलेही आहे. ही लढाई वकिलांनी लढावी, ती त्यांना आमच्याहून चांगली कळते. मात्र ‘प्रवाह’समोर बसणारा माणूस फाइल घेऊन बसणार की मोजमापांची वही घेऊन, हे सरकारच्या हातात आहे.

तिळारीची गोष्ट वेगळी. तिथे लवाद नाही, सर्वोच्च न्यायालय नाही. १९९० साली दोन राज्यांनी शहाणपणाने करार केला: धरण महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात, खर्चाचा आणि पाण्याचा वाटा गोव्याचा ७३.३० टक्के, महाराष्ट्राचा २६.७०, देखरेखीला दोन्ही सरकारांचे नियंत्रण मंडळ. टक्क्यांतला वाटा हा निश्चित टीएमसीपेक्षा प्रामाणिक असतो, कारण कमी पावसाच्या वर्षी दोघांचेही आपोआप कमी होते. पेडणे, बार्देश आणि डिचोलीला आज जे पाणी पोचते ते या करारामुळे, हे म्हादईवर बोलतानाही विसरू नये.

मग उन्हाळ्यात अस्नोड्याच्या आणि चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पांना कच्चे पाणी का तुटते, गावोगाव टँकर का फिरतात? धरणात पाणी असते. कालवा फुटलेला असतो.

कालवा फुटतो कसा, ते नीट पाहा. आपल्या भागात वर जांभा आणि त्याखाली मऊ पांढरट माती असते. कोरडी असताना ती कुदळीला दाद देत नाही, भिजली की लोण्यासारखी होते. काँक्रीटच्या अस्तराला केसाएवढी भेग पडते किंवा दोन फरश्यांमधला सांधा उघडतो. पाणी मागे झिरपते आणि जाताना मातीचे बारीक कण घेऊन जाते. भरावाच्या बाहेरच्या उतारावर आधी ओल दिसते, मग पाझर. पाझर स्वच्छ असेल तर वेळ आहे. तो गढूळ झाला की आतली माती वाहू लागली असे समजावे. अस्तरामागे पोकळी वाढते, एक फरशी खचते आणि रात्रीत भगदाड पडते. दुसरे कारण याच्या उलटे. दुरुस्तीसाठी कालवा घाईने रिकामा केला की मागच्या ओल्या भरावातल्या पाण्याचा दाब अस्तर आत ढकलतो. त्यासाठी ठेवलेली निचऱ्याची भोके गाळाने बुजलेली असतील तर फरश्या उठतातच. म्हणजे दुरुस्तीच्याच कामात नवे नुकसान. कालव्याची पातळी दिवसाला थोडी थोडी उतरवायची, हा नियम प्रत्येक सिंचन अभियंत्याला माहीत असतो. पण खाली नळ कोरडे पडले की फोन सुरू होतात आणि नियम बाजूला राहतो.

कालवा बंद असताना अस्नोड्याला आमठाण्याचे पाणी पंपाने पुरवले जाते. ही सोय आहे, पण आमठाणे लहान धरण. दुरुस्ती आठवडाभराची असेल तर निभते, लांबली की निभत नाही.

आता हिशेबाचा प्रश्न. समजा, धरणाच्या पायथ्याशी गोव्याच्या नावे ७३ एकक पाणी सोडले आणि सीमेपर्यंतच्या कालव्यात तीस टक्के झिरपले. गोव्यात पोचले ५१. मग गोव्याला किती मिळाले? मोजमाप धरणापाशी धरले तर ७३, सीमेवर धरले तर ५१. वाटा टक्क्यांत लिहिलेल्या कोणत्याही करारात ही एक ओळ नसेल, तर गळतीचा भुर्दंड मुकाट्याने खालच्या राज्यावर पडतो. आमचे स्पष्ट मत असे की मोजमाप दोन्ही ठिकाणी व्हावे आणि दोन आकड्यांतल्या फरकाला गळती हे नाव देऊन तो दर महिन्याच्या इतिवृत्तात लिहावा. दुरुस्तीचा पैसा कोणत्या किलोमीटरवर खर्चायचा हे त्या फरकातून कळते, निविदेतून नव्हे.

मोजायचे कसे, यात गुपित काही नाही. कालव्यावर फ्लूम बांधतात, म्हणजे कालव्याचा एक घोटीव, अरुंद केलेला तुकडा. त्याच्या वरच्या अंगाला मोजपट्टी. पट्टीवरच्या उंचीच्या दीड घाताप्रमाणे विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारे पाणी, वाढतो. उंची १ मीटर असताना पट्टी ५ सेंटीमीटरने चुकली तर विसर्ग साडेसात टक्क्यांनी चुकतो. उंची ३० सेंटीमीटर असताना तेवढीच चूक २६ टक्क्यांची होते! आणि पट्टी चुकते कशी? रंग उडतो, शेवाळ चढते, खालच्या अंगाला कोणी दगड टाकून पाणी तुंबवतो, किंवा पट्टीचा शून्य आणि फ्लूमच्या उंबऱ्याची पातळी जुळवलेलीच नसते. शेवटची चूक सर्वांत वाईट, कारण नोंदवही सुबक दिसते आणि प्रत्येक आकडा खोटा असतो. दर पावसाळ्यानंतर लेव्हल यंत्राने शून्य तपासणे हे अर्ध्या दिवसाचे काम. दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी ते एकत्र करावे आणि त्याच वहीत दोघांनी सही करावी.

नाल्यांवरचे मापन याहून अवघड. तिथे फ्लूम नाही. सरळ, स्थिर पात्राची जागा शोधून पट्टी लावायची, पात्राचे पंधरा-वीस उभे भाग पाडायचे, प्रत्येक भागात करंट मीटरने वेग घ्यायचा. खोल पाण्यात पृष्ठभागापासून ०.२ आणि ०.८ खोलीवर घेऊन सरासरी, उथळ पाण्यात ०.६ वर एकदाच. अशी पुष्कळ मोजमापे वेगवेगळ्या पातळ्यांना झाली की पातळीवरून विसर्ग सांगणारा वक्र तयार होतो, आणि पुढे रोज फक्त पट्टी वाचली तरी चालते.

चालते, पण तीन ठिकाणी घसरते, आणि तिन्ही आपल्याकडची आहेत. जुलैच्या एका पुरात धोंडे हलतात, पात्राचा तळ बदलतो आणि जुना वक्र निकामी होतो. नवी मोजमापे घेतली नाहीत तर उन्हाळ्याचे सगळे आकडे जुन्या तळावरचे निघतात. दुसरे, डिसेंबरच्या सुमारास वसंत बंधाऱ्यांच्या, म्हणजे उन्हाळ्यासाठी पाणी अडवणाऱ्या लहान बंधाऱ्यांच्या, फळ्या बसतात. पट्टी बंधाऱ्याच्या फुगवट्यात असेल तर पाणी न वाढता पातळी वाढते, आणि नोंदवहीत नदीला थंडीत पूर आलेला दिसतो. प्रतिपक्षाच्या वकिलाने असे एक पान न्यायालयात उघडले तर बाकीची वही कोणी वाचणार नाही. तिसरे, एप्रिलमध्ये नाल्यात वीतभर पाणी असते, त्यात मोठा करंट मीटर बुडतही नाही. त्या दिवसांत काढता-घालता येणारी लोखंडी पाटी आडवी लावून नव्वद अंशांच्या खाचेतून पाणी मोजावे. खाचेवर ३० सेंटीमीटर उंचीने वाहणारे पाणी सेकंदाला ६८ लिटर असते. जूनच्या आधी पाटी काढून ठेवायची, नाहीतर पहिल्याच लोंढ्यात जाते.

यासोबत खारेपणही मोजायला हवे. मांडवीत, म्हणजे म्हादईच्याच खालच्या अंगात, भरतीचा परिणाम समुद्रापासून सुमारे पन्नास किलोमीटर आत, गांजेपर्यंत पोचतो. वरून येणारे गोडे पाणी घटले की खाऱ्या पाण्याचे टोक वर सरकते, आणि ते आधी कळते खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या, शेतकऱ्याला: बांधातल्या मानसीच्या दारातून आत आलेले पाणी वायंगणाच्या (उन्हाळी) भाताला सोसत नाही. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता मीटरला ३ डेसिसीमेन्सच्या वर गेली की भाताचे उत्पन्न घटू लागते. पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलीग्रॅम आहे. गांजेपासून खाली चार-पाच ठिकाणी, पौर्णिमा आणि अमावास्येच्या मोठ्या भरतीला, क्षारतेची नोंद ठेवली तर ‘वळवल्याने नुकसान होते’ हे वाक्य विधान न राहता पुरावा होईल. खाते मीटर बाळगते, शेतकरी जागा दाखवतील.

कायद्याची एक गोष्ट तिळारीसाठी मुद्दाम सांगतो. करार मोडला तर सरळ कोर्टात जाता येईल, असा अनेकांचा समज आहे. १९५६ च्या कायद्याच्या कलम २ मध्ये ‘जलविवाद’ शब्दाच्या व्याख्येतच कराराचा अर्थ आणि अंमलबजावणी यांवरचे वाद येतात, आणि कलम ११ अशा वादांत न्यायालयांचा अधिकार काढून घेते. म्हणजे पुन्हा कलम ३ ची तक्रार, पुन्हा लवाद, पुन्हा म्हादईसारखी वर्षे. फुटक्या कालव्याला तो उपाय नव्हे. म्हणून तक्रार सोडवायची रीत करारातच बांधून घ्यावी लागते: पाझर गढूळ दिसल्यापासून किती तासांत संयुक्त पाहणी, तातडीच्या दुरुस्तीला कोणाच्या सहीने पैसा, ठरल्या मुदतीत काम झाले नाही तर गोव्याच्या अभियंत्यांना सीमेपलीकडे यंत्रे नेण्याची मुभा. महाराष्ट्राला यात हरकत असण्याचे कारण नाही, कारण कालवा फुटला की दोडामार्गचीही बागायत आणि रस्ते वाहून जातात.

आपल्या घरचेही थोडे. २४ टीएमसी आपल्या वाट्याला आले, हे अभिमानाने सांगतो. त्यातले आपण किती अडवतो, किती उपसतो, सत्तरीची कुळागरे (सुपारीच्या बागा) किती घेतात, याचा गावनिहाय हिशेब पटलावर ठेवता येईल का? वापराची नोंद नसलेला वाटा पुढच्या फेरविचारात सर्वांत आधी कापला जातो.

तेव्हा येत्या अधिवेशनात लक्षवेधी सूचनेपेक्षा एक तारांकित प्रश्न घालावा. कर्नाटक आणि महाराष्ट्रातून गोव्यात येणाऱ्या प्रत्येक नाल्यावर राज्याचे मापन केंद्र आहे काय. असल्यास गेल्या दहा वर्षांचे जानेवारी ते मे या काळातले दैनिक विसर्ग पटलावर ठेवावेत. नसल्यास केव्हा होणार. तिळारीसाठी उपप्रश्न: धरणापाशी आणि सीमेवर एकाच दिवशी नोंदलेले विसर्ग किती, आणि दोन्ही पट्ट्यांचे शून्य शेवटचे केव्हा तपासले. उत्तर ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे आले, तर जलस्रोत खात्याच्या मागणीवर कपात सूचना द्यावी आणि त्यात पट्ट्या, करंट मीटर आणि वाचणाऱ्या माणसांचा पगार मागावा. रकमेच्या दृष्टीने ही कालव्याच्या एका भगदाडाच्या दुरुस्तीपुढे किरकोळ बाब आहे.

फक्त वेळ पाळावी. वसंत बंधाऱ्यांच्या फळ्या बसण्याआधी, नोव्हेंबर संपायच्या आत, पट्ट्या लागल्या आणि पहिली मोजमापे झाली, तरच येता उन्हाळा वहीत येईल.

आपले,
जलमापन आणि सिंचनाच्या कामातले काही नागरिक
सत्तरी, डिचोली, पेडणे